घरगुती सीएनसी राउटर आणि गतिनियंत्रणाची निवड

डॉक्टरांच्या स्मरणिकेत करवत-छिन्नीचा विषय निघाला, की वाचकांना आपल्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांची आठवण होणे साहजिक आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र लाकूड कापणारे यंत्र हा असून लेखक बालरोगतज्ज्ञ आहे. हा योग कसा जुळून आला, ते प्रथम सांगणे इष्ट ठरेल.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या ज्या बालकाला स्वतःच्या बळावर बसता येत नाही, त्याच्या दृष्टीने खुर्ची ही केवळ सोय नसते. तो उपचाराचाच एक भाग असतो. कंबर, गुडघा आणि घोटा हे तिन्ही सांधे साधारणपणे काटकोनात राहिले, पाऊल टेकले आणि धडाला दोन्ही बाजूंनी आधार मिळाला, की मान सावरते, हात मोकळे होतात आणि घास गिळणे अधिक सुरक्षित होते. मागे रेललेल्या अवस्थेत भरवलेला घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका आपणा सर्वांना परिचित आहे. अशी खुर्ची मुलाच्या मापाचीच असावी लागते, आणि मूल तर वाढत असते. आपल्या बेळगावात कुशल सुतारांची वाण नाही. परंतु प्रत्येक मुलासाठी, आणि त्याच मुलासाठी दर वर्षा-दीड वर्षाने, नव्याने माप घेऊन काम करण्यास त्यांना सवड कोठून मिळावी? याउलट खुर्चीचे रेखाचित्र एकदा संगणकात तयार केले, की केवळ मापे बदलून १८ मि.मी. प्लायवूडमधून एकमेकांत अडकणारे भाग यंत्राकडून कापून घेता येतात. या हेतूने मी घरी एक सीएनसी राउटर उभारला. तेव्हापासून अनेक व्यवसायबंधू मला एकच प्रश्न विचारतात, “मोटर कोणती घ्यावी?” हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर होय.

आकड्यांच्या आज्ञेने कापण्याचे यंत्र चालवण्याची कल्पना नवी नाही. हेलिकॉप्टरच्या पात्यांसारखे वक्र आकार अचूक घडवण्याच्या गरजेतून अमेरिकेतील जॉन पार्सन्स यांनी तिचा पाठपुरावा केला आणि १९५२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेने छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून चालणारे मिलिंग यंत्र प्रत्यक्ष चालवून दाखवले. त्या वेळी नियंत्रणासाठी निर्वात नलिकांनी भरलेली कपाटे लागत. आज तेच काम तळहातावर मावणारे मंडल करते. तत्त्व मात्र तेच आहे: आडवा, उभा आणि खोलीचा अशा तीन अक्षांवर कटरला ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी नेणे.

औषध आधी की वजन आधी?

“मोटर कोणती घ्यावी?” हा प्रश्न “मुलाला कोणते टॉनिक द्यावे?” या आपल्या नित्याच्या प्रश्नासारखा आहे. आपण बाटली हाती घेण्यापूर्वी मुलाला वजनकाट्यावर उभे करतो आणि त्या वजनावरून मात्रा काढतो. यंत्राच्या बाबतीतही निवडीचा प्रवास कापायच्या वस्तूपासून सुरू होऊन संगणकाकडे गेला पाहिजे. संगणकाकडून वस्तूकडे नव्हे. लाकूड, कटर, कटरचा सरकण्याचा वेग, स्क्रू, मोटर, विद्युतदाब, ड्रायव्हर आणि शेवटी नियंत्रक असा हा क्रम आहे. प्रत्यक्षात बहुतेक हौशी मंडळी उलट्या क्रमाने जातात. जाहिरातीत दिसलेला नियंत्रक आणि सर्वांत मोठा आकडा मिरवणारी मोटर प्रथम घरी येते आणि मग ती बसवायची कोठे याचा विचार सुरू होतो.

आता आपण एक उदाहरण क्रमाने सोडवू. प्लायवूडसाठी दोन धारांचा ६ मि.मी. जाडीचा कार्बाइड कटर घेतला आणि तो मिनिटास १८,००० फेऱ्यांनी फिरवला. प्रत्येक धारेने सुमारे ०.१ मि.मी. जाडीची ढलपी काढावी अशी अपेक्षा ठेवली, तर सरकण्याचा वेग १८,००० × २ × ०.१ म्हणजे मिनिटास ३,६०० मि.मी. इतका येतो. कारागीर याला ‘फीड’ म्हणतात. यंत्र याहून फारच हळू सरकले, तर कटर ढलपी न काढता नुसता घासत राहतो, लाकूड करपते आणि धार जाते. म्हणजेच मंद गती ही सुरक्षित गती असते, हा समज येथे लागू पडत नाही. आपल्या यंत्राचे ‘वजन’ म्हणजे हा ३,६०० चा आकडा होय. पुढील सर्व मात्रा त्यावरून काढायच्या.

स्क्रू आणि मोटर

मोटरची फिरती गती सरळ गतीत बदलण्यासाठी घरगुती यंत्रात बहुधा १६ मि.मी. व्यासाचा बॉलस्क्रू वापरतात. तो एका फेरीत ५ मि.मी. किंवा १० मि.मी. सरकवणारा असा दोन प्रकारांत सहज मिळतो. आपल्या वेगासाठी पहिल्या प्रकारात मोटरला मिनिटास ७२० फेऱ्या कराव्या लागतात, तर दुसऱ्या प्रकारात ३६०. हा फरक निर्णायक आहे आणि त्याचे कारण स्टेपर मोटरच्या स्वभावात आहे.

स्टेपर मोटर एका फेरीचे २०० समान भाग करून, १.८ अंशांची एकेक पायरी चढत फिरते. तिच्या माहितीपत्रकावर ठळक छापलेला टॉर्क हा ती स्थिर उभी असतानाचा असतो. वेग वाढू लागला, की वेटोळ्यातील प्रवाहाला पूर्ण चढण्यास वेळच मिळत नाही आणि टॉर्क उतरत जातो. विश्रांत अवस्थेतील नाडीवरून धावपटूची क्षमता ठरवू नये, तद्वत स्थिर टॉर्कवरून मोटर निवडू नये. विक्रेत्याकडे टॉर्क आणि वेग यांचा आलेख मागावा. जो तो देऊ शकत नाही, त्याच्याकडून मोटर न घेणेच श्रेयस्कर.

घरगुती राउटरसाठी ‘नेमा २३’ हा आकार पुरेसा ठरतो. हे नाव मोटरच्या तोंडाच्या मापाचे आहे, सुमारे ५७ मि.मी. चौरस, तिच्या ताकदीचे नव्हे. समजा, १.९ न्यूटन-मीटर स्थिर टॉर्कची मोटर आलेखावर ३६० फेऱ्यांना ०.८ न्यूटन-मीटर देताना दिसली. त्यातील निम्माच भाग हिशेबात धरावा. १० मि.मी. सरकीच्या स्क्रूवर या ०.४ न्यूटन-मीटरमधून, घर्षणाची सुमारे १० टक्के घट वजा जाता, साधारण २२५ न्यूटन इतका रेटा मिळतो. वीस किलो वजनाची गॅन्ट्री, म्हणजे यंत्राचा आडवा सरकता पूल, सेकंदागणिक सेकंदास १ मीटर या दराने वेगात आणण्यास २० न्यूटन लागतात. स्क्रू फिरवण्याचे ओझे आणि प्लायवूड कापण्याचा विरोध धरूनही पुरेशी शिल्लक राहते. म्हणून लांब अक्षांसाठी १० मि.मी. आणि उभ्या अक्षासाठी ५ मि.मी. सरकीचा स्क्रू निवडणे मला योग्य वाटते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. लांब स्क्रू ठरावीक गतीपलीकडे दोरीउडीच्या दोरीसारखा मध्येच झुलू लागतो. ही मर्यादा लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरते. लांबी दुप्पट केली, तर मर्यादा एक चतुर्थांश होते. मोठ्या सरकीच्या स्क्रूचा हा दुसरा लाभ, की त्याला कमी फेऱ्या कराव्या लागतात.

विद्युतदाब आणि ड्रायव्हर

प्रवाह लवकर चढवायचा, तर दाब अधिक हवा. परंतु अधिक म्हणजे किती? यासाठी एक प्रचलित ठोकताळा आहे: मोटरच्या इंडक्टन्सचा मिलिहेन्रीतील आकडा घ्यावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ३२ ने गुणावे. येणारा आकडा ही दाबाची वरची मर्यादा समजावी. २.२५ मिलिहेन्रीच्या मोटरसाठी ती ४८ व्होल्ट येते. त्याच टॉर्कच्या दोन मोटरींत कमी इंडक्टन्सची मोटर निवडावी, याचे मर्म या सूत्रात आहे.

ड्रायव्हर म्हणजे नियंत्रकाच्या नाजूक इशाऱ्याचे मोटरच्या दणकट प्रवाहात रूपांतर करणारे मंडल. त्रिमितीय प्रिंटरमध्ये आढळणारे ए४९८८ सारखे चिमुकले ड्रायव्हर प्रत्येक फेजला जास्तीत जास्त २ अँपिअरचे असतात. आपल्या मोटरला २.८ अँपिअर हवे असतात. म्हणून ते येथे निरुपयोगी. डीएम५४२ या प्रकारचा ड्रायव्हर ५० व्होल्ट आणि ४.२ अँपिअरपर्यंत चालतो. मात्र ४.२ हा शिखरप्रवाह आहे. मोटरवरील २.८ हा परिणामी प्रवाह असेल, तर त्याचे शिखर सुमारे ४ अँपिअर येते. म्हणजे ही जोडी जमते, पण थोडक्यात. माहितीपत्रक वाचताना हे दोन आकडे वेगळे ओळखावेत.

ड्रायव्हरची मर्यादा ५० व्होल्ट आहे म्हणून ४८ व्होल्टचा पुरवठा जोडणे धोक्याचे आहे. जड गॅन्ट्री थांबताना मोटर क्षणभर जनित्र बनते आणि दाब वर ढकलते. ३६ व्होल्ट ही समंजस निवड. ज्यांना रोहित्र आणि डायोडचा साधा पुरवठा बांधायचा असेल, त्यांनी ध्यानात ठेवावे, की ३६ व्होल्ट एसीचे रोहित्र शुद्धीकरणानंतर सुमारे ५१ व्होल्ट डीसी देते. आपल्याला २५ व्होल्ट एसीचे रोहित्र लागते, म्हणजे डीसी सुमारे ३५ येईल आणि रात्री मुख्य पुरवठा १० टक्क्यांनी चढला, तरी ड्रायव्हर सुखरूप राहील. तसेच पुरवठा चालू असताना मोटरची वायर ड्रायव्हरपासून कधीही सोडवू नये; त्या क्षणी उसळणारा दाब ड्रायव्हरचा बळी घेतो. मोटर गरम लागली, तर घाबरू नये. स्टेपर मोटरचे आवरण ६० अंश सेल्सिअस होणे हा तिचा ‘ताप’ नव्हे, नित्य स्वभाव आहे.

थेंब मोजणारा नियंत्रक

नियंत्रकाचे कार्य सलाइनच्या उपमेने चटकन समजते. मायक्रोड्रिप संचात ६० थेंब म्हणजे १ मि.ली. हे आपल्या हाडीमाशी खिळलेले आहे. येथे थेंबाच्या जागी विद्युत्स्पंद असतो. ड्रायव्हरने प्रत्येक पायरीचे आठ सूक्ष्म भाग केले, तर एका फेरीस १,६०० स्पंद लागतात आणि १० मि.मी. सरकीच्या स्क्रूवर १६० स्पंद म्हणजे १ मि.मी. आपल्या फीडला सेकंदास ९,६०० स्पंद पुरतात. रिकाम्या सरकण्यासाठी मिनिटास ६,००० मि.मी. वेग ठेवला, तरी १६,००० पुरतात.

आता नियंत्रकाची क्षमता पाहावी. सन २००९ मध्ये सुरू झालेली ‘जीआरबीएल’ ही मुक्त प्रणाली साध्या आर्डुइनो उनो मंडलावर सेकंदास सुमारे ३०,००० स्पंद देते. वरील हिशेबाला ती पुरेशी आहे. परंतु ५ मि.मी. सरकीचा स्क्रू आणि सोळा सूक्ष्म भाग अशी निवड केली, तर त्याच फीडला ३८,४०० स्पंद लागतील आणि हे मंडल अपुरे पडेल. सूक्ष्म भाग वाढवल्याने अचूकता वाढते, हा गैरसमज येथे नडतो. त्यामुळे गती मृदू होते, आवाज कमी होतो. अचूकता मात्र स्क्रू, बेअरिंग आणि सांगाड्याच्या ताठरपणावर अवलंबून राहते. सांगाड्याच्या कामासाठी उद्यमबागेतील एखाद्या जाणत्या फिटरला दिलेले चार पैसे महागड्या नियंत्रकापेक्षा अधिक फळ देतात.

गॅन्ट्रीच्या दोन्ही बाजूंना मोटर असतील, तर ३२ बिटी मंडलावरील ‘जीआरबीएल-हॅल’ किंवा ‘लिनक्ससीएनसी’ यांचा विचार करावा. त्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे शून्यावर आणून गॅन्ट्री काटकोनात लावू शकतात. पॅरलल पोर्टवर चालणारी ‘माक-३’ ही जुनी प्रणाली त्या पोर्टमार्गे केवळ ३२ बिटी विंडोजवर चालते. नव्या बांधणीसाठी ती मी सुचवणार नाही. तत्त्व असे, की स्पंद मोजण्याचे काम त्यासाठीच राखलेल्या मंडलाकडे असावे. सर्वसाधारण संगणकावर ते सोपवणे म्हणजे फोन घेत घेत थेंब मोजणाऱ्या परिचारिकेवर इन्फ्युजन पंपाची जबाबदारी टाकणे होय.

थेंब शिरेत जातो आहे का?

येथवरचे सर्व हिशेब बिनचूक असले, तरी एक मूलभूत प्रश्न उरतो. थेंब मोजून पडत आहेत. पण सुई शिरेत आहे का? सुई सरकली, तरी थेंब पडतच राहतात आणि हात सुजू लागतो. साध्या स्टेपर मोटरची नेमकी हीच अवस्था असते. नियंत्रक स्पंद पाठवतो आणि मोटर तेवढी फिरली असे गृहीत धरतो. लाकडात गाठ लागून मोटर क्षणभर अडखळली, तर त्याला त्याचा पत्ता नसतो. उलट, अशी चुकलेली मोटर चार पूर्ण पायऱ्यांच्या पटीतच घसरून पुन्हा ताल पकडते. आपल्या स्क्रूवर चार पायऱ्या म्हणजे ०.२ मि.मी. अशा काही घसरणी साचल्या, की खाच आणि चूल जुळत नाही, खुर्चीचा आधार तिरका बसतो आणि हे कळते ते सर्व कापणे संपल्यानंतर. प्लायवूड वाया जाते ते जातेच. पण खेड्यातून माप देऊन गेलेल्या आईवडिलांची खेपही वाया जाते.

यावर उपाय म्हणजे मागे एन्कोडर बसवलेली क्लोज्ड-लूप स्टेपर मोटर. आपल्या स्नायूंतून मेंदूला अवयवाच्या स्थितीची जाणीव मिळते, तशी ही मोटर आपली खरी जागा ड्रायव्हरला कळवते. ड्रायव्हर चूक भरून काढतो आणि ते अशक्य झाल्यास धोक्याचा इशारा देतो. येथे खरी मेख आहे. हा इशारा ड्रायव्हरपाशी संपतो. तो नियंत्रकापर्यंत स्वतंत्र तारेने न्यावा लागतो. तसे न केल्यास एक अक्ष थांबतो, उरलेले चालतच राहतात आणि कटर भलतीकडे जातो. अलार्मची तार न जोडलेली महाग मोटर ही स्वस्त मोटरपेक्षा अधिक घातक ठरू शकते. एसी सर्व्हो मोटर याहून सरस असते. ४०० वॅटची मोटर ३,००० फेऱ्यांपर्यंत १.२७ न्यूटन-मीटर टॉर्क सातत्याने देते. तथापि प्लायवूडच्या घरगुती कामास तिची निकड नाही.

अंदाजपत्रक तोकडे असल्यास साध्या स्टेपर मोटरीही चालतील. मात्र मघाशी सांगितल्याप्रमाणे निम्म्या टॉर्कची राखीव शिल्लक सोडावी आणि प्रत्येक मोठ्या कामानंतर यंत्र शून्यावर परत आणून तपासावे.

न बोलणारे बिघाड

हेच सूत्र सुरक्षिततेलाही लागू आहे. अक्षाच्या टोकाचे लिमिट स्विच एरवी बंद असणाऱ्या, म्हणजे दाबल्यावर परिपथ तोडणाऱ्या पद्धतीने जोडावेत. तार तुटली, तर यंत्र ताबडतोब थांबते. मॉनिटरचा प्रोब निघाला, तरी अलार्म वाजतो, तसेच हे. उलट जोडणीत तार तुटल्याचे प्रत्यक्ष धडक होईपर्यंत कळत नाही.

आणीबाणीचे लाल बटण संगणकाला विनंती करणारे नसावे; त्याने काँटॅक्टरद्वारे मोटरींची वीज प्रत्यक्ष तोडली पाहिजे. दोन गोष्टी मात्र स्मरणात असाव्यात. वीज गेल्यावर स्पिंडल काही सेकंद फिरतच राहतो. तसेच बॉलस्क्रूमध्ये घर्षण अल्प असल्याने जड स्पिंडल उभ्या अक्षावरून खाली घसरू शकतो. उभ्या अक्षाला कमी सरकीचा स्क्रू सुचवला, त्याचे हे एक कारण. स्पिंडल वजनदार असल्यास ब्रेकची मोटर घ्यावी. स्पिंडलची गती बदलणारे इन्व्हर्टर विद्युत गोंगाट फार करते. त्याच्या तारा जाळीदार आवरणाच्या असाव्यात, इतर तारांपासून दूर न्याव्यात आणि नियंत्रकाला शक्य तर यूएसबीऐवजी इथरनेटने जोडावे, कारण त्या जोडणीत रोहित्राचे विलगीकरण मुळातच असते.

यंत्र उभे राहिल्यावर लगेच लाकूड लावू नये. प्रत्येक अक्षाला डायल गेज लावून शून्याची नोंद घ्यावी, पूर्ण वेगाने शंभर फेऱ्या मारू द्याव्यात आणि यंत्र शून्यावर आणून काटा पाहावा. काटा जागेवर आला, तर वेग थोडा वाढवून पुन्हा तपासावे. ज्या वेगाला काटा चुकतो, त्याच्या दोन-तृतीयांशाहून अधिक वेग नित्य कामात वापरू नये. फीड, दाब, प्रवाह, स्पंदांची संख्या आणि तपासणीचा दिनांक या नोंदींचा एक केसपेपर यंत्राच्या पेटीत ठेवावा. पुढे एखादा बिघाड झाला, तर निदानाची सुरुवात त्या कागदापासून होईल आणि खुर्चीची वाट पाहणाऱ्या मुलाची तारीख पुढे ढकलावी लागणार नाही.